सात मुठी मीठ

तिला जाऊन सात आठवडे झाले, तरी कोंबड्या अजून त्याच्या खांद्यावरून मागेच बघत.

तो बादली घेऊन जाळीचं दार उघडायचा. सगळ्या कोंबड्या पंख फडफडवत धावत यायच्या आणि हातभर अंतरावर थबकायच्या. मान तिरकी करून, एका डोळ्याने, त्याच्या मागच्या दाराकडे बघायच्या. तिथे कोणी नसायचं. पहिले काही दिवस तोही वळून बघायचा. मग स्वतःलाच म्हणायचा, "अक्कल गहाण ठेवलीस काय? कोंबडी ती. तिला काय कळतंय?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळायचा.

गावात त्याला धांदल्या म्हणत. तरुणपणी चप्पल घालायच्या आधी चालायला लागायचा. धांदल्याच्या घरी पाहुणा आला तर हा 'या' म्हणायच्या आधी 'निघालात का' विचारतो, असं लोक म्हणायचे. आता साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

त्या सकाळी त्याने टाकी भरली आणि दहाच्या आत ती पुन्हा कोरडी झाली. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. पंप चालेना म्हणून तो दोन बादल्या घेऊन पायऱ्या उतरत होता, चढत होता. कोंबड्या पाण्याच्या भांड्यांवर एकमेकींच्या अंगावर चढून पीत होत्या. चोच बुडव, मान वर कर, पुन्हा बुडव. खाली अंथरलेला भुसा ओला चिंब झाला होता आणि त्यातून असा वास येत होता की डोळे चुरचुरत.

"उन्हाळा आहे," तो मोठ्याने म्हणाला. "पिणारच."

अंडीवाली दर दोन दिवसांनी हातगाडी घेऊन यायची. जाड बाई, तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. तिने दोन अंडी उचलली आणि नेहमीसारखी एकमेकांवर हलकेच आपटून पाहिली. टक्क असा आवाज यायला हवा. आला तो पिचकल्यासारखा. एक अंडं तिच्या बोटांतच चेपलं आणि बलक मनगटावर ओघळला.

"हे काय रे दादा? अंडं आहे की फुगा?"

"उन्हामुळे."

"ऊन काय तुझ्या एकट्याच्या दारात पडतंय होय?" तिने हात गाडीच्या फडक्याला पुसला. "वहिनीच्या वेळी मी ही अंडी दगडावर ठेवून नेली असती. परवा अर्धी वाटेत फुटली. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर बोलतं, तुझ्या नाही."

"ती सांगून गेली तसंच खाद्य करतोय. एक दाणा इकडचा तिकडे नाही."

अंडीवालीने जाळीतून आत पाहिलं. एका कोंबडीच्या पाठीवरची पिसं उपटून मांस लाल दिसत होतं. "टोचतायत एकमेकींना. माझ्या आईच्या कोंबड्या अशा टोचायला लागल्या की ती म्हणायची, मीठ कमी पडलंय."

ते त्याच्या मनात रुतलं. पुढचं खाद्य कालवताना त्याने मिठाच्या मुठी चढत्या घेतल्या. मुठीवर शीग, आणि शिगेवर आणखी चिमूट.

खाद्याची खोली घराच्या मागे होती, खुराड्याला लागून, मध्ये फक्त जाळी. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, एका बाजूला गिरणी, तिच्या आणि दाराच्या मध्ये पोत्यांची थप्पी. खिळ्यावर तिचा कामाचा सदरा टांगलेला होता. खरं तर तो त्याचाच जुना सदरा. तिने कामासाठी घेतला, बाह्या आपल्या मापाने दुमडल्या, आणि मग तो तिचाच झाला. त्याला आता तो होत नव्हता असं नाही. पण हात लावायचं धाडस होत नव्हतं.

मागच्या काळ्या भिंतीवर तिच्या तळव्यांचे ठसे होते. एक ढीग कालवून झाला की ती शिंपल्यांच्या चुऱ्याने पांढरा झालेला हात भिंतीवर थापायची. दुसरा हिशेब नाही. किती ढीग झाले, कच्चा माल कधी आणायचा, सगळं त्या भिंतीवरून तिला कळायचं. तो खाली कोळशाने रेघा मारायचा. सात आठवड्यांत सहा रेघा. वर भिंतीकडे तो बघत नसे.

जमिनीवर भरडलेल्या मक्याचे पाच डबे ओतायचे. त्यावर सोयाबीनच्या पेंडीचे दोन, कोंड्याचे तीन. पाऊण डबा शिंपल्यांचा चुरा, कवचासाठी. कुटलेली सुकी मासळी, हाडांसाठी आणि पिसांसाठी. खनिजाची भुकटी एक वाटी. आणि मीठ. बारीकसारीक वस्तू आधी थोड्या कोंड्यात कालवायच्या, मग तो कोंडा ढिगावर पसरायचा, मग फावड्याने ढीग इकडून तिकडे तीनदा उलटायचा.

हे सगळं तिने दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं होतं. आवाज तेव्हा पार बसला होता. तो औषधाच्या पाकिटावर लिहून घेत होता.

"धांदल करून मीठ एकदम ढिगावर ओतू नका," ती म्हणाली होती. "एकीच्या पोटात मीठच मीठ जाईल आणि दुसरीला चवसुद्धा नाही. आधी कोंड्यात कालवा."

"बरं. मीठ किती?"

"सात मुठी. अशा." तिने चादरीवर उजवी मूठ वळून दाखवली.

तो खिडकीकडे बघत होता. त्याने 'मीठ सात मुठी' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

लेक आली तोवर नऊ कोंबड्या मेल्या होत्या. ती दूरच्या शहरात शिवणकामाच्या कारखान्यात होती, चार दिवसांची रजा काढून आली होती. आल्या आल्या तिने पिशवी ओट्यावर ठेवली, नाकाला रुमाल लावून खुराड्यात फिरून आली आणि हात धुतले.

"बाबा, कोंबडीवाल्याशी बोललेय मी. शनिवारी गाडी पाठवतो म्हणाला. सगळ्या नेईल."

"सगळ्या?"

"मग काय नऊच्या नव्वद व्हायची वाट बघायची? माझ्याकडे चला. एक खोली तुमची. खिडकी आहे, नळ घरात आहे. इथे बादल्या वाहून कंबर मोडेल तुमची."

"ही पिल्लं आणली तेव्हा तिचं दुखणं कळलं नव्हतं," तो म्हणाला. "एकेकीची चोच तिने पाण्यात बुडवून दाखवली. दीडशे चोची. मी म्हटलं, पितील की त्यांची त्या. म्हणाली, पहिलं पाणी दाखवावं लागतं."

लेकीने रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "मला काय त्या कापून खायची हौस आहे का? पण मरतायत त्या. तुमच्या हाताने मरतायत, बाबा."

तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण शब्द गेला. तो उठून बादल्या घेऊन विहिरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी लेकीनेच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. जनावरांच्या डॉक्टर, वयाने लेकीएवढ्याच, मोटारसायकलवरून आल्या. त्यांनी सकाळी मेलेली कोंबडी झाडाखाली फाडली. पोटातून पाणी निघालं, वाटीभर. मग त्या खाद्याच्या खोलीत गेल्या, ढिगातलं चिमूटभर खाद्य जिभेवर ठेवलं आणि लगेच बाहेर जाऊन थुंकल्या.

"काका, हे खाद्य आहे की लोणचं? मीठ किती घालता?"

"सात मुठी. ढिगाला."

"कोणाच्या?"

त्याला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"मुठी कोणाच्या? माप कोणाचं आहे?"

"तिचं. माझ्या बायकोचं."

"आणि घालतं कोण?"

"मी."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. फावड्याने आणि बादल्यांनी रुंद झालेले, एकेक बोट गाजरासारखं. "एक मूठ भरून दाखवा."

त्याने मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. त्यांनी ती पिशवीतल्या छोट्या काट्यावर ओतायला लावली. काटा बघून त्यांनी ओठ मुडपले. "शंभराला जवळजवळ दहा कमी. अशा सात! ढिगाला तीनशे ग्रॅम लागतं, काका. तुम्ही दुपटीच्या वर घालताय, आणि वर ही मासळीही खारवलेली. म्हणून पाणी पितात, म्हणून भुसा ओला, म्हणून कवच पातळ. मावशींचा हात एवढा लहान होता?"

लेक दाराशी उभी होती. ती पुढे आली. तिने डब्यात उजवा हात घातला, आणि मूठ वळताना शेवटची दोन बोटं तळव्यात दुमडून घेतली. अंगठा आणि दोन बोटं. मीठ बाजूच्या फटीतून सरसर खाली गेलं. उरलं ते तिने काट्यावर टाकलं.

"चाळीसच्या आसपास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सात मुठी म्हणजे बरोबर. अगदी बरोबर. मावशींना काटा लागतच नव्हता. बोटं कशाने गेली?"

"गिरणीत," लेक म्हणाली. "मी दहावीला होते. गिरणी चालू आहे हे विसरून हात घातला. तिचीच चूक. मी किती बोलले होते तिला तेव्हा."

तो जमिनीवर सांडलेलं मीठ तळव्याने गोळा करत होता. दाणा न् दाणा. त्याने मान वर केली नाही.

जाता जाता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे खाद्य फेकू नका, पण असं घालूही नका. बिनमिठाचं, बिनमासळीचं तेवढंच नवीन करा आणि यात मिसळा. गोडं पाणी भरपूर. भुसा बदला. "दहा दिवसांत फरक पडला नाही तर मग गाडी बोलवा. पण पडेल."

दुपारी बापलेक कामाला लागले. आधी ओला भुसा ओढून बाहेर काढला. लेकीने तोंडाला रुमाल बांधला होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वासाने. मग मका भरडायचा होता. गिरणीचं बटण दाराजवळच्या भिंतीवर आणि नरसाळं पोत्यांच्या थप्पीपलीकडे, त्यामुळे बटणापाशी उभा असलेला माणूस नरसाळ्याजवळच्या माणसाला दिसत नसे. पहिल्यापासून तसंच होतं. म्हणून त्या घरात रीत होती. बटणापाशी असलेल्याने ओरडायचं, 'लावू का?' पलीकडून 'लावा' आलं की मगच बटण.

लेकीने नरसाळ्यात मका ओतला. "अडकलाय बघा गळ्याशी," ती तिकडून म्हणाली. "थांबा, मोकळा करते."

तिचा हात पत्र्यावर घासल्याचा आवाज आला. तो बटणापाशी उभा होता. बोट बटणावर होतं. तसंच होतं सगळं. हीच दुपार, हाच पत्रा तापलेला, पलीकडून हाच खरखर आवाज.

"झालं. लावा, बाबा."

बोट हलेना.

"बाबा, लावा की! झोपलात का?"

त्याने वरचं मोठं बटणही बंद केलं. थप्पीला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि पोत्यावर बसला. लेकीने त्याचा चेहरा पाहिला.

"चक्कर येतेय का? पाणी आणू?"

"तिची चूक नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"बोटांची. तिची चूक नव्हती. गिरणी बंदच होती. मका असाच अडकला होता आणि ती मोकळा करत होती. मला बाजार गाठायचा होता. मी ओरडलो, लावू का. आणि लावली."

लेक उभी होती तशीच उभी राहिली.

"ती काही म्हणाली का, हे ऐकायला मी थांबलो नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, चालू आहे हे ध्यानात राहिलं नाही. मी तोंड मिटलं. ते आजवर."

बाहेर कोंबड्या नव्या पाण्याभोवती गोंधळ घालत होत्या. लेकीच्या हाताला मक्याचं पीठ लागलं होतं. तिने तो सलवारीला पुसला, पुन्हा पुसला.

"मी तिला म्हटलं होतं, अडाण्यासारखा हात कसा घातलास," ती म्हणाली. "तोंडावर. ती हसली. म्हणाली, आता तू शहाणी हो."

त्याने पोत्यावर सांडलेला एक दाणा उचलला आणि परत ठेवला.

"एवढी वर्षं, बाबा. मी कारखान्यात नव्या पोरींना आईचं उदाहरण द्यायची. मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नका, माझ्या आईने मूर्खपणा केला. असं सांगायची मी."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती भिंतीशी गेली. जुने ठसे वर होते, छताजवळ, पाच बोटांचे, धुरकटलेले. मग एका जागी ओळ तुटत होती आणि पुढचे सगळे तीन बोटांचे. शेकडो. अगदी खालपर्यंत, जिथे शेवटचे काही ठसे बसून थापलेले होते, कारण तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. तोही बघत होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा नीट बघत होता.

"आधी किती मुठी घालायची ती?" लेकीने विचारलं. "हात चांगला होता तेव्हा?"

त्याला आठवावं लागलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो ऐकत आला होता. ती मोठ्याने मोजायची, एक, दोन, तीन, चार. त्या दुपारनंतर त्याने या खोलीत येणंच सोडलं. ती एकटीच मका ओतायची, थप्पीला वळसा घालून बटणापाशी यायची, एकटीच कालवायची. चारच्या सात केव्हा झाल्या, त्याला कळलं नव्हतं.

"चार," तो म्हणाला.

"म्हणजे वरच्या तीन तुमच्या."

तेवढंच बोलून ती बटणापाशी गेली. "तिकडेच बसा," ती म्हणाली. "हात मांडीवर ठेवा. दोन्ही. ठेवलेत?"

"ठेवलेत."

"लावू का?"

"लाव," तो म्हणाला. ती आणखी जरा थांबली, आणि मग गिरणी सुरू झाली.

शनिवारी कोंबडीवाल्याची गाडी आली, रिकामे पिंजरे खडखडत. लेकीने ती फाटकातूनच परत पाठवली. "दहा दिवसांनी फोन करते," ती म्हणाली. कोंबडीवाला कुरकुरला, "ताई, डिझेल काय पाण्याने भरतं का?" तिने त्याला चहा दिला आणि तो गेला.

दुपारी तिचीही बस होती. बापलेकीत त्या दोन दिवसांत खाद्य, पाणी, भुसा याखेरीज शब्द झाला नव्हता. निघताना तिने स्वयंपाकघरातला काटा खाद्याच्या खोलीत आणून ठेवला.

"यावर मोजा. मूठ वापरू नका."

"बरं."

मग तिने खिळ्यावरचा सदरा काढला. बाह्यांच्या घड्या तशाच ठेवून तो दुमडला आणि पिशवीत घातला. "हा मी नेते," ती म्हणाली. विचारलं नाही. खिळ्याखाली भिंतीवर सदऱ्याएवढी जागा स्वच्छ राहिली होती.

"पुन्हा कधी येशील?"

"बघू," लेक म्हणाली. फाटकाशी जाऊन ती थांबली, पण वळली नाही. "गुडघ्याला तेल लावत जा."

पाचव्या दिवशी भुसा कोरडा राहिला. टाकी संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. नंतर एकही कोंबडी मेली नाही. अकराव्या दिवशी अंडीवालीने दोन अंडी उचलून आपटली. टक्क.

"आता कसं!" ती म्हणाली. "काय केलंस?"

"मीठ कमी केलं."

"कमी? अगं बाई. आणि मी मेली तुला काय सांगून बसले!" तिने कपाळावर हात मारून घेतला. "शिव्या घाल मला."

"तुझं काही नाही," तो म्हणाला. "माप माझं चुकलं."

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. काट्यावर मोजताय ना, हो, कवच कसं आहे, टणक, बरं ठेवते. त्याने कोंबडीवाल्याचं विचारलं नाही. तिनेही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन ढीग घालायचा होता. त्याने काट्यावर मीठ घेतलं, तीनशे, काटा स्थिर होईतो थांबला. कोंड्यात कालवून बाजूला ठेवलं. पेंड मोजली, चुरा मोजला. मग नरसाळ्यात मका ओतला, थप्पीला वळसा घालून बटणापाशी आला आणि बोट बटणावर ठेवलं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी तो ओरडला, "लावू का?"

जाळीपलीकडे कोंबड्यांचा कलकलाट थांबला. पुढे उभ्या असलेल्या पाच-सात जणी मान तिरकी करून, एका डोळ्याने, थप्पीच्या पलीकडे बघत होत्या. पत्रा उन्हाने तडकला. नरसाळ्यात मक्याचे दाणे घसरून खाली बसल्याचा आवाज आला.

तो थांबला. आजवर कधी थांबला नव्हता इतका थांबला. मग बोट काढून घेतलं, वळसा घालून पलीकडे गेला आणि नीट बघितलं. नरसाळ्याच्या गळ्याशी बघितलं, पट्ट्याशी बघितलं, खाली वाकून जमिनीवर बघितलं. कोणाचा हात कुठे नव्हता.

तो परत बटणापाशी आला.

"लावतोय गं," तो म्हणाला, आणि मगच बटण दाबलं.